किल्ली हाती देणारा राजा
(औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या जीवनकार्यावरील व्याख्यान)



एका धार्मिक न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत राजाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर तो वावगा म्हणता येणार नाही. परंतु ज्या राजाविषयी येथे बोलावयाचे आहे, त्याने आपल्या उत्तर आयुष्यात मालकाचा विश्वस्त होऊन दाखविले. शिवाय तो राजा दूरदेशीचा नव्हे. म्हसवड हे गाव इंग्रजी अमलाखालील सातारा जिल्ह्यातले, माण तालुक्यातले. येथून माणगंगेच्या काठाने खाली उतरत गेले, की थोड्याच अंतरावर आटपाडी महालाचा मुलूख लागे, आणि तेथे राज्य होते औंधकर पंतप्रतिनिधींचे. पाऊस तोच, दुष्काळ तोच, ज्वारी-बाजरी आणि मेंढरांच्या लोकरीची घोंगडी तीच. शेतसारा मात्र दोन निराळ्या तिजोऱ्यांत जाई. त्यातल्या एका तिजोरीची किल्ली तिच्या धन्याने रयतेच्या हाती दिली. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

प्रतिनिधिपद हे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांनी ते आपल्या पराक्रमाने गाजविले आणि पुढे त्यांच्या घराण्यात ते वंशपरंपरेने चालले. साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर त्या विस्तीर्ण जहागिरीतून जे उरले, ते औंध संस्थान. उरले तेही सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या अंगाला. सगळे मिळून सुमारे ५०१ चौरस मैलांचा मुलूख, ७२ गावे, आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे ८८,७६२ माणसे. आजच्या एखाद्या तालुक्याएवढाच हा पसारा होय. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांच्या पंक्तीत या संस्थानाचे पान अगदी टोकाला.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. धाकटे पुत्र असल्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा करण्याचे त्यांना कारण नव्हते. वडिलांच्या कारकीर्दीत त्यांनी मुख्य चिटणीस म्हणून कारभाराचे धडे घेतले. वडिलांच्या पश्चात थोरले बंधू आणि नंतर पुतणे गादीवर बसले. पुतण्यांना इंग्रज सरकारने दूर केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी बाळासाहेबांना राज्यप्राप्ती झाली. म्हणजे ही गादी त्यांना इंग्रजांच्या निर्णयाने मिळाली होती. सार्वभौम सरकार एका सहीने राजा उतरवू शकते आणि दुसऱ्या सहीने चढवू शकते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. पुढचे सारे पाहताना ही गोष्ट ध्यानी ठेवावी लागते.

गादीवर येताच त्यांच्या हातून एक व्यवहार घडला. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा छोटा कारखाना होता. नगरपालिकेच्या नव्या वसाहतीच्या योजनेमुळे त्यांच्यावर जागा सोडण्याची पाळी आली. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन त्यांना दिली आणि भांडवलासाठी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. ते वर्ष १९१०. जमीन कसली, तर निवडुंगाने माजलेला खडकाळ माळ. त्या काळचे दहा हजार म्हणजे थोडकी रक्कम नव्हे, आणि घेणारा मनुष्य उठवला गेलेला. व्यापाराचा अनुभव असलेल्या कोणालाही विचारावे. अशा वेळी सावकार आधी तारण विचारतो, मग व्याजाचा दर. बाळासाहेबांनी माणूस पाहिला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिचे नांगर अवघ्या दख्खनच्या काळ्या रानात चालले. दोन-चार वर्षांत कारखाना बुडाला असता, तर याच राजाला लोकांनी उधळ्या म्हटले असते, हेही खरे.

बाळासाहेबांच्या छंदांची यादी लांब आहे. ते स्वतः चित्रकार होते; रामायणावरची त्यांची चित्रमालिका प्रसिद्ध आहे. ते कीर्तन करीत आणि राजा कीर्तनाला उभा राहिला म्हणून खेड्यापाड्यांतून माणसे लोटत. १९३५ साली इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे प्रचंड कार्य हाती घेतले, त्याच्या मुळाशी बाळासाहेबांची प्रेरणा आणि त्यांचे अर्थसाहाय्य होते. ते कार्य पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधात आश्रय दिला आणि तेथे वेदांच्या अभ्यासाचा स्वाध्याय मंडळ नावाचा मोठा उद्योग चालला. साने गुरुजी विद्यार्थिदशेत काही काळ औंधात शिकले. औंधच्या टेकडीवरील श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८ सालचे. ते ज्यांनी अद्याप पाहिले नसेल, त्यांनी एक दिवस काढून अवश्य पाहावे.

आणि सूर्यनमस्कार! आज अवघ्या जगात सूर्यनमस्कारांचा जो बोलबाला आहे, त्याचे बरेचसे श्रेय या राजाकडे जाते. त्यांनी ते स्वतः आजन्म घातले, त्यांवर पुस्तके लिहिली आणि संस्थानातील शाळांत ते सक्तीचे केले. या सक्तीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. बाळासाहेब रयतेवर पोटच्या मुलांप्रमाणे प्रेम करणारे होते, पण बापाप्रमाणेच हुकूम सोडणारेही होते. प्रजेने काय खावे, केव्हा उठावे, कोणता व्यायाम करावा, याविषयी त्यांची मते पक्की होती आणि ती अमलात आणण्याची सत्ता त्यांच्यापाशी होती. असा मनुष्य सत्तरीला आल्यावर सत्ता सोडतो, तेव्हा त्याला ती किती जड गेली असेल याची कल्पना करावी. ज्याला सत्तेत रस नाही, त्याने ती सोडण्यात काय विशेष?

१९३७-३८ चा काळ कसा होता, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्रजी मुलखात प्रांतिक निवडणुका होऊन काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती. संस्थानांतील प्रजेला मात्र मताचा हक्क नव्हता. ठिकठिकाणी प्रजा परिषदा भरू लागल्या होत्या. दक्षिणेतील संस्थानेही त्याला अपवाद नव्हती. बहुतेक संस्थानिकांनी यावर एक सोपा तोडगा काढला होता. एखादी सल्लागार सभा नेमावी, वर्षातून दोनदा तिची बैठक भरवावी, हारतुरे व्हावेत, आणि खजिना जिथल्या तिथे राहावा. औंधातही पूर्वी रयतसभा होती आणि पुढे प्रातिनिधिक सभा आली. परंतु शेवटचा शब्द राजाचा.

याच सुमारास बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब इंग्लंडात ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. त्यांचा स्नेह जुळला मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलंडच्या ज्यू अभियंत्याशी. हे गृहस्थ बंगळूरला एक विद्युत कारखाना चालवीत, आणि मनाने गांधीवादी व वृत्तीने संन्यासी होते. भारतानंद हे त्यांनी धारण केलेले नाव. राज्य प्रजेला देऊन टाकावे, ही कल्पना या फ्रीडमनांनी बाळासाहेबांपुढे स्पष्ट शब्दांत मांडली. सत्तर वर्षांच्या राजाने एका परदेशी तरुणाला दारातून परत पाठवले असते, तर कोणी त्याला दोष दिला नसता. बाळासाहेबांनी ऐकून घेतले, आणि मग वर्ध्याला गांधीजींकडे सल्ल्यासाठी जाणे झाले.

गांधीजींनी जी योजना सुचविली, ती कागदावर साधी दिसते. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावी. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा व्हावी आणि तालुक्यांतून संस्थानची विधिसभा. गावच्या महसुलापैकी निम्मा भाग गावाकडेच राहावा आणि शाळा, पाणी, रस्ते यांवर त्याचा विनियोग गावानेच करावा. लहानसहान तंटे गावातच मिटावेत. मत देणाऱ्याला लिहिता-वाचता यावे. आणि राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा असावी. वाढदिवसाच्या निमित्ताने बाळासाहेबांनी १९३८ साली ही घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत नवी राज्यघटना अमलात आली. 'हरिजन' पत्रात गांधीजींनी तिची आवर्जून दखल घेतली.

यातील दोन कलमांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण खरे मर्म तेथे आहे.

पहिले कलम निम्म्या महसुलाचे. राज्य म्हणजे शेवटी जमा आणि खर्च. मताचा हक्क दिला, पण पैसा वरच ठेवला, तर निवडून आलेल्या पंचाला विहिरीच्या दुरुस्तीसाठी कारकुनाच्या दारात बसावे लागते. औंधच्या घटनेने पैसा गावात ठेवला. आटपाडीच्या कोरडवाहू भागात महसूल तो किती, आणि त्याचा निम्मा तो किती, असे कोणी म्हणेल. रक्कम लहान असेलही. परंतु ती कशावर खर्चायची हे ठरवण्यासाठी पाच माणसांना पारावर बसून एकमेकांशी बोलावे लागले, भांडावे लागले, आणि वर्षअखेरीस गावाला हिशोब दाखवावा लागला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १९६२ साली आल्या आणि पंचायतींना घटनात्मक स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. आपल्या शेजारचा मुलूख हे १९३९ साली करीत होता!

दुसरे कलम साक्षरतेचे. यावर तेव्हाही आक्षेप घेतले गेले असतील आणि आजही घ्यावेत असे ते आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे तोंड पाहू दिले नाही, त्यालाच अक्षर येत नाही म्हणून मत नाकारायचे, हा न्याय उफराटा होय. त्याचा भार भूमिहीनांवर आणि स्त्रियांवर अधिक पडणार हे उघड आहे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जमाखर्च लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या हाती तिजोरी दिली, तर ती थोड्याच दिवसांत गावातल्या एखाद्या लिहित्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसते. खेड्यापाड्यांत उधारीच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गांधीजींच्या अटीमुळे निदान एवढे झाले, की मत हवे तर अक्षर शिका, आणि शिकवण्याची जबाबदारी राज्याची, असा दुहेरी तगादा लागला. प्रौढ माणसे दिवसभराच्या कामानंतर कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसू लागली.

राजाच्या खर्चाच्या मर्यादेविषयीही एक शब्द. आपल्याकडे श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. आपल्याजवळ किती ठेवावयाचे, हे आधीच ठरवून घ्यावयाचे. बाळासाहेब जैन नव्हते, देवीचे उपासक होते. पण ज्या दिवशी राजाने आपल्या घरखर्चाचा आकडा दुसऱ्यांनी ठरवावा हे मान्य केले, त्या दिवशी त्याने जे घेतले त्याला दुसरे नाव सुचत नाही.

आटपाडीजवळ याच काळात आणखी एक धाडस झाले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती आणि बेड्यांवाचून, जमीन कसायला देऊन ठेवावे, अशी वसाहत १९३९ साली वसविण्यात आली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला असे नाव ठेवायलाही मन मोठे लागते. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गदिमा आटपाडी महालातले, शेटफळ्याला जन्मलेले, औंधच्या प्रजेपैकीच. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'त धनगरांच्या वाडीत बांधलेली तालीम पाहायला जो राजा येतो, तो कोणाच्या चेहऱ्याचा आहे, हे माणदेशातल्या वाचकाला सांगावे लागत नाही.

बेचाळीसच्या आंदोलनात या लहान संस्थानाचे मोल कळले. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक मोठे केंद्र कुंडल, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड तेथलेच, आणि तुफान सेना उभी राहिली तीही तेथेच. कुंडल औंध संस्थानात. इंग्रजी हद्दीतले पोलीस पाठीशी लागले, की भूमिगतांनी संस्थानच्या हद्दीत शिरावे, असे अनेकदा घडले. औंधच्या दरबाराने त्यांना हुसकावले नाही. अप्पासाहेब कारभारात होते, पुढे १९४४ पासून मुख्य प्रधान झाले, आणि त्यांची सहानुभूती कोणाकडे आहे हे लपून राहिलेले नव्हते. इंग्रजांनी दिलेली गादी इंग्रज केव्हाही काढून घेऊ शकतात, हे ज्याने १९०९ साली पाहिले होते, त्या राजाने हे होऊ दिले. हातात शस्त्र न घेता, भाषण न करता केलेले हे साहाय्य इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींचे होते. त्यात धोका मात्र पूर्ण होता.

स्वातंत्र्य आले, आणि त्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांनी गांधीजींची हत्या झाली. पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली, ती औंधच्या मुलखालाही चुकली नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आगी लागल्या. माडगूळकरांचे घर जळाले. पंडित सातवळेकर तीस वर्षांचा संसार आणि ग्रंथभांडार उचलून गुजरातेत पारडीला गेले. ज्या गांधीजींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी राज्य देऊन टाकले, त्यांच्याच नावाने ही घरे जळावीत, हे त्या ऐंशीच्या घरातल्या वृद्धाला कसे सोसले असेल? हा प्रसंग गौरवाच्या लेखांतून बहुधा गाळला जातो. तो गाळू नये.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यात औंधही होते. इतर राजांनी त्या दिवशी राज्य सोडले. औंधच्या राजाजवळ सोडण्यासारखे फारसे उरले नव्हते. बुडाली ती गावांची व्यवस्था. निम्मा महसूल, तालुक्याच्या सभा, पारावरचा न्याय, हे सारे नव्या प्रांताच्या एकसारख्या कायद्यात विरून गेले. नऊ वर्षांचा प्रयोग. तो वाढला असता की दुफळीत मोडला असता, हे ठरायलाही वेळ मिळाला नाही. मोठ्या देशाच्या घडणीत ७२ गावांसाठी निराळा नियम ठेवणे शक्य नव्हते, हे मान्य करूनही, त्यातले निदान महसुलाचे कलम तरी उचलावयास हवे होते असे वाटल्यावाचून राहत नाही.

अप्पासाहेब त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले आणि पुढे अनेक देशांत त्यांनी राजदूत म्हणून सेवा केली. फ्रीडमन मुंबईत वारले. बाळासाहेबांचे देहावसान १३ एप्रिल १९५१ रोजी झाले.

१९४९ साली साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. आटपाडी दक्षिण साताऱ्यात गेली, आणि त्या जिल्ह्याला पुढे १९६० साली सांगली हे नाव मिळाले. म्हसवड साताऱ्यातच राहिले. माणगंगेच्या काठावरची ती जुनी हद्द अशी आजही जिल्ह्याची हद्द म्हणून कायम आहे. स्वतंत्रपूरची वसाहत तिच्या पलीकडे, आटपाडीजवळ.

जय जिनेंद्र.